भावकीचा धक्का

३ सप्टेंबर

आज जहाज पुन्हा न थांबता गेलं. भोंगा तेवढा वाजवला, म्हणजे आमच्यावर उपकार. पूर्वेचा वारा अजून सरलेला नाही, लाटा मोठ्या आहेत, आणि धक्का नसलेल्या गावापुढे नांगर टाकून थांबायला कप्तान काही आमचा जावई नाही. सामीची बायको बाळंतपणात अडली होती. तिला होडीत घालून चौघे जण अर्ध्या पाण्यापर्यंत वल्हवत गेले, अंगातले सदरे काढून हलवले, घसा फुटेपर्यंत ओरडले, आणि जहाजाची पाठ बघून परत आले. संध्याकाळी मूल गेलं. बाई वाचली, पण भिंतीकडे तोंड करून पडली आहे.

मी या गावचा राजा. सरकारी कागदावर गावप्रमुख, पण पद बापाकडून मुलाकडे येतं म्हणून लोक राजा म्हणतात. राज्य म्हणजे टेकडीच्या पायथ्याची पत्र्याची घरं, लवंगेची झाडं, एक चर्च आणि एक शाळा. शाळेत माझी मुलगी ओर्पा एकटी मास्तरीण. सामीच्या दारात मी बराच वेळ बसून होतो. मला कुणी एक शब्द बोललं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ सप्टेंबर

जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आलो. तिथला साहेब नवा आहे, उत्तर जुनंच आहे. "राजासाहेब, धक्का बांधा, जहाज लागेल. पण लोखंडी लाकडाचाच हवा. दुसरं लाकूड समुद्रातला किडा दोन वर्षांत खाऊन टाकतो."

"आणि बांधायचा कुणी?"

"पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी हा नसेल, मीच असेन. लोखंडी लाकूड आमच्या बेटावर औषधालाही नाही. ते समोरच्या मोठ्या बेटावर, वाइमेतेन गावाच्या जंगलात आहे. तिथला राजा टेओ मला मागेच म्हणाला होता, "ती झाडं आमच्या पूर्वजांची आहेत बेनोनी, विकायची नाहीत. रक्ताच्या भावानं मागितली तर गोष्ट वेगळी." माणूस मनाचा मोठा आहे, पण पूर्वजांच्या पुढे त्याचं डोकं चालत नाही.

धक्का झाला पाहिजे. धक्का नाही म्हणून दवाखाना नाही, बाजार नाही, आणि म्हणून पोरं अंबोन शहरात जातात ती परत येत नाहीत. माझी ओर्पा तेवढी शिकून परत आली. किती दिवस राहील? रोज संध्याकाळी टेकडीवर जाते, तिथेच मोबाइलला रेंज मिळते. शाळेचे अहवाल पाठवते म्हणे. एवढे अहवाल तर शिक्षणाधिकारीही कुणाला पाठवत नसेल.

२१ सप्टेंबर

सामीच्या घरी प्रार्थनेला नेने डोर्का, म्हणजे डोर्का आजी, आल्या होत्या. गावात सगळ्यांत म्हाताऱ्या त्याच, आणि जुन्या भाषेतली गाणी आता फक्त त्यांनाच येतात. बसल्या बसल्या डोळे मिटून त्या गाऊ लागल्या. पूर्वजांची होडी फुटली, कुणी आसरा दिला नाही, तेव्हा वाइमेतेननं कुशीत घेतलं, वाइमेतेन आमचा भाऊ.

मी ताडकन सरळ बसलो. म्हणजे आमची त्यांची पेला होती! दोन गावांनी रक्त पिऊन एकमेकांना भाऊ मानलं, तर त्याला पेला म्हणतात. पेलानं मागितलं तर नाही म्हणता येत नाही, आणि दिल्याचा मोबदला घेता येत नाही. मला झोप कसली येते.

२२ सप्टेंबर

सकाळीच नेनेंकडे गेलो. त्या सुपारी कुटत होत्या. विचारल्यावर इतक्या हसल्या की खलबत्ता बाजूला ठेवावा लागला.

"अरे खुळ्या, वाइ म्हणजे पाणी आणि मेतेन म्हणजे काळं. काळ्या पाण्यानं कुशीत घेतलं, काळं पाणी आमचा भाऊ. बुडालेल्यांचं गाणं आहे ते! वाइमेतेन गाव तेव्हा होतं कुठे? ते तर तुझ्या आज्याच्या वेळी डोंगरावरून किनाऱ्याला आलं."

"पण नेने, शब्द तर तोच आहे ना?"

"शब्द तर पोपटही बोलतो."

मी सामीच्या मुलाचं नाव काढलं. त्याला पुरायला त्यांनीच स्वतःच्या पेटीतलं कापड काढून दिलं होतं. त्या कितीतरी वेळ सुपारी चघळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी म्हणायला सांगितलं तर मी गाणं म्हणेन. अर्थ तुझा तू सांग."

हे खोटं आहे का? मी कालपासून स्वतःला विचारतो आहे. जुन्या गोष्टींचं खरंखोटं कोण ठरवणार? कुणाचं वाईट तर होत नाही. होणार ते भलंच होणार.

६ ऑक्टोबर

वाइमेतेनला जाऊन आलो. मी अर्थ सांगितला आणि टेओ ओक्साबोक्शी रडायला लागला. एवढा धिप्पाड माणूस! "म्हणजे तू माझा भाऊ, आणि मी तुला लाकडापायी हात हलवत परत पाठवलं?" त्यांच्या म्हाताऱ्यांनाही आता आठवायला लागलं. एकाला तर आपल्या आजीच्या तोंडी हेच गाणं ऐकल्याचं आठवलं. मी मान डोलावली.

एकटा टेओचा पुतण्या येरी खूश दिसला नाही. होड्या बांधतो, हात चांगला आहे म्हणतात. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बापा राजा, नक्की आहे ना हे? म्हणजे सगळे नियम लागू? लग्नाचासुद्धा?"

"नियमांत निवडानिवड नसते बाबा. भाऊ म्हटलं की दोन्ही गावच्या पोरी बहिणी."

तो होडीचा दोर सोडायला वळला. बहुतेक लाकूड तोडायचं काम आपल्याच गळ्यात पडणार, याची धास्ती असेल. परत सोडायला तोच आला. आमच्या खडकांमधली अरुंद वाट त्यानं अंधारात एकदाही न चुकता काढली. हुशार आहे. आणि आमचा कुत्रा, जो पाद्रीसाहेबांनाही सोडत नाही, तो याच्यावर भुंकला नाही. उलट शेपूट हलवत होता. म्हातारा झाला बिचारा.

७ ऑक्टोबर

ओर्पानं जेवताना वाद घातला. सागो झाडाच्या पिठाची खळ ताटात तशीच थिजली.

"लाकूड मागायला नातं कशाला जोडायचं, बापा? नुसतं मागा ना. मी येते बरोबर, मी बोलते त्यांच्याशी."

"तू बोलून झाडं पडतात का?"

"आणि उद्या दोन्ही गावांतल्या कुणाला लग्न करायचं असलं तर?"

"कुणाला करायचंय? त्या वाइमेतेनवाल्यांची नाकं बघितलीस का? रताळी लावली आहेत नुसती."

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ती तोंडातला घास सांडेपर्यंत हसते. आज हसली नाही. माझी बायको योसिना म्हणाली, "पोरीला काय म्हणायचंय ते एकदा नीट विचारून घ्या." बायकोला मी म्हटलं, गावच्या कामात पोरीला काय विचारायचं? त्यावर ती म्हणाली, "देवानं तुम्हाला डोळे दिले, पण राजाचे दिले." हे कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही.

२ नोव्हेंबर

आजचा दिवस गावात पुढे कित्येक वर्षं सांगतील. वाइमेतेनचे लोक होड्या सजवून आले. दोन्ही गावांच्या लोकांभोवती एकच लांब पांढरं कापड धरलं. टेओनं आणि मी बोट कापून रक्त वाडग्यातल्या सोपीत, म्हणजे ताडाच्या दारूत, टाकलं, तलवारीचं टोक तिच्यात बुडवलं आणि प्यालो. नेने डोर्कांनी गाणं म्हटलं. आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता. मी अर्थ सांगितला. शपथ मोडेल त्याचं कूळ बुडेल, त्याच्या पोरांची बोटं झडतील, हेही सांगितलं. ते सांगावंच लागतं.

मग मला एक कल्पना सुचली. शपथ फक्त म्हाताऱ्यांची राहू नये, तरुणांनीही प्यावं. आमच्याकडून ओर्पा, त्यांच्याकडून येरी. दोघं शिकलेली, गावात मान असलेली. मी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि मोठ्यानं म्हटलं, "आजपासून ही तुझी बहीण." टाळ्या पडल्या. येरीचा चेहरा पांढराफटक. ओर्पानं वाडगा तोंडाला लावला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. सोपी जरा कडकच होती.

३० नोव्हेंबर

लाकूड येऊ लागलं. एकेक खांब एवढा जड की पाण्यात टाकला तर दगडासारखा तळाला जातो, म्हणून दोन होड्यांच्या मध्ये बांधून आणतात. वाइमेतेनचे लोक आमच्या घराघरांत राहिले आहेत. येरी मुख्य सुतार, म्हणून तो राजाच्या घरी.

ओर्पाला म्हटलं, त्याला दादा म्हण. ती म्हणाली, "त्याला नाव आहे." दुसऱ्याच दिवशी उशी उचलून नेने डोर्कांकडे राहायला गेली. म्हातारीला दिसत नाही, सोबत हवी म्हणे. पोरगी मायाळू आहे. टेकडीवर जाणंही बंद झालं, शाळेचे अहवाल संपले वाटतं.

१९ फेब्रुवारी

धक्का आता भरतीच्या रेषेच्या पुढे गेला. येरी कुणावर तरी राग काढत असल्यासारखा काम करतो. खातो कमी, बोलतो त्याहून कमी. परवा तळहात फाटला तर त्यावर फडकं बांधून तसाच हातोडा मारत राहिला.

आज जेवताना मी सहज म्हटलं, "काय पोरगा आहे! असा जावई मिळाला असता तर ओर्पाला इथून कुणी हलवलं नसतं. पण आता भाऊच झाला, विषय संपला."

योसिनाच्या हातातली पळी खाली पडली. ती वाकली, उचलली, आणि म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा." मग मागच्या दारानं निघून गेली आणि बराच वेळ आली नाही. बायकांना म्हणी फार येतात.

११ मार्च

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

ओर्पा आज धक्क्यावर आली. काम थांबलं होतं, मी शेवटच्या खांबावर हात फिरवत उभा होतो. ती म्हणाली, येरी आणि तिचं दोन वर्षांपासून आहे. येत्या लवंगेच्या हंगामानंतर येरी टेओला सांगून मागणी घालायला पाठवणार होता. तिच्या आईला माहीत होतं. पोरीनं तिला शपथ घातली होती, मी सांगेन बापाला, तू नको.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते. तुम्ही नाकांवर विनोद केलात."

मीच त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले, मीच बहीण म्हटलं, तेही दोन गावांसमोर. माझी पोरगी ती शपथ माझ्यासमोर प्याली, आणि मी लिहिलं की सोपी कडक होती.

ती पुढे म्हणाली, "नेनेंनी मला गाण्याचा अर्थ सांगितला."

मी खांबावरचा ढलपा नखानं खरवडू लागलो.

"बापा, एकच वाक्य बोलायचंय. मी अर्थ चुकीचा लावला. बस. पेला नाहीच, तर शपथ नाही, पाप नाही."

"आणि हे खांब? टेओनं भाऊ म्हणून दिलेत. उद्या तो म्हणेल, काढा. त्याचा हक्क आहे. त्यानं पूर्वजांची झाडं पाडली आहेत ओर्पा, माझ्या शब्दावर. सामीच्या बायकोला मी काय सांगू?"

"म्हणजे मी लाकडापेक्षा हलकी."

असं कुणी बापाला बोलतं का? मी तिला समजावलं. जहाज एकदा लागू दे, सरकारी शिक्का बसू दे, मग कुणाला धक्का काढता येणार नाही. पहिलं जहाज लागलं की मी सांगतो, शपथ घेतो. ती म्हणाली, "शपथ नका घेऊ. तुमची शपथ मी प्यालेय."

८ एप्रिल

जहाज लागलं. दोर फेकला, सामीनं झेलला आणि खांबाला बांधला. धक्का जागचा हलला नाही. बायका रडत होत्या. साहेबानं भाषणात स्वतःचं नाव सहा वेळा घेतलं. सामीची बायको चालत शेवटपर्यंत गेली, जहाजाच्या पत्र्याला हात लावून उभी राहिली, आणि तशीच परत आली.

टेओनं मला मिठी मारली. म्हणाला, "माझा बाप मला कायम म्हणायचा, आपलं कुणी नाही. आज तो असता तर!" आता याच्या तोंडावर मी कसं बोलू? समारंभात असलं बोलत नाहीत. ओर्पा शाळेच्या मुलांच्या रांगेमागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी नजर चुकवली. आज नाही जमलं. पुढच्या फेरीला निवांत सगळ्यांना बसवून सांगेन. एवढं थांबली, अजून दोन आठवड्यांनी काय बिघडतं?

२२ एप्रिल

गेली.

आज धक्क्यावरून जहाजाला लावलेल्या पाटावरून आमची बरीच पोरं चढली. जहाज दारात येतं म्हटल्यावर जाणं सोपं झालं. कारखान्यात, सुरबायाला, कुठे कुठे. उतरली ती शेवयांची खोकी आणि सिमेंट. मी टेओबरोबर उभा होतो, दोन्ही गावं जमली होती. रांगेत शेवटी ओर्पा दिसली, पत्र्याची ट्रंक घेऊन, आणि ट्रंकेची दुसरी कडी येरीच्या हातात.

लोकांत कुजबुज सुरू झाली. टेओ ओरडला, "येरी! अरे, बहीण आहे ती!"

ओर्पा पाटावर थांबली. वळून माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, वाट बघत. कप्तानानं भोंगा दिला, खलाशी म्हणाला, बाई, चला. तरी ती थांबली. एक वाक्य बोलायला तेवढा वेळ खूप झाला. माझं तोंड उघडलं होतं, योसिनानं पाहिलं. पण टेओचा हात माझ्या खांद्यावर होता.

येरी तिला काहीतरी म्हणाला आणि ती चढली.

२५ एप्रिल

दोन्ही गावांची बैठक चर्चसमोर झाली. शपथ मोडली तर नावं तोडावी लागतात, आणि पोरगी माझी म्हणून तोडायचं मलाच. ओर्पा आणि येरी यांना दोन्ही गावांत जागा नाही, त्यांची पोरं आमची नाहीत, त्यांना पाणी देईल तोही त्यांच्यातलाच. हे मी एका दमात सांगितलं. लोक म्हणाले, राजा असावा तर असा, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही.

योसिना बायकांमधून उठली. "मी देईन पाणी," म्हणाली, सगळ्यांदेखत, आणि घराकडे चालू लागली. आईचं मन, लोक समजून घेतात.

टेओ मागे राहिला. माझा हात धरून म्हणाला, "चूक आमची पण आहे भावा. पोरगा आमचा. तुझी लेक गेली, माझा पुतण्या गेला, आपलं दुःख एकच." पुन्हा रडला. मी त्याची पाठ थोपटली. त्यानं आणखी खांब द्यायचं कबूल केलं, धक्का थोडा लांबवता येईल.

मी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा हिशेब मी करत नाही. गावाचं बघायचं की एका पोरीचं? असं म्हणतो खरं, पण आज जेवण गेलं नाही.

४ मे

शाळा बंद आहे. जिल्ह्याला कळवलं, ते म्हणाले पुढच्या वर्षी बघू. पोरं दिवसभर धक्क्यावरून उड्या मारतात.

परवा जहाज आहे. योसिना त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हती. आज मात्र सकाळपासून चुलीपाशी होती. माझ्यासाठी मासे धुरावले, मिरची कुटून तेलात घालून ठेवली, सागोच्या वड्या भाजून डबे भरले, माझे सगळे सदरे धुऊन घड्या केल्या. मी म्हटलं, अगं, दोन माणसांना एवढं कशाला?

"टिकतं ते," म्हणाली.

राग निवळला म्हणायचा.